पिस्तुलाची शिंगं साळून घेतली

दोन वर्षांत माझे अकरा सदरे एकाच जागी फाटले. उजव्या कुशीला, पट्ट्याच्या चार बोटं वर. आधी एखादा धागा ओढला जायचा, मग बारीक जाळी पडायची आणि एक दिवस करंगळी आत जाईल एवढं भोक. आमची ही रफू करून करून वैतागली. "कमरेला मांजर बांधून फिरता का हो?" असं तिने एकदा विचारलं. सदऱ्याचं सोडा, खाली कातडीवरही ओरखडे होते. आणि मुंबईचा मे महिना, त्यात घाम. मीठ लागल्यावर ओरखडा कसा चुरचुरतो ते ज्याला चावलं त्याला ठाऊक.

मांजर म्हणजे .32 मापाच्या गोळीचं पिस्तूल. धंदा सराफीचा, दुकान गिरगावात, कारागीर झवेरी बाजारात. 16 जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हापासून माल कारखान्यातून हॉलमार्किंग केंद्रात आणि तिथून दुकानात, अशा फेऱ्या वाढल्या. वडिलांकडे रिव्हॉल्व्हर होतं. त्यांनी सत्तरी गाठली आणि 2016 च्या नियमांतल्या वारसाच्या तरतुदीने लायसन्स माझ्याकडे आलं. रिव्हॉल्व्हरचं चक्र कमरेला गळवासारखं फुगायचं, म्हणून ते रीतसर विकून हे चपटं पिस्तूल घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कंपनीशी माझं भांडण नाही. चालतं चोख. पण मशीनवरून उतरलेली प्रत्येक कड तशीच्या तशी ठेवलेली. नव्या पत्र्याच्या डब्याचं झाकण असतं ना, तसं. शेवटी त्या कडा मारून, म्हणजे कानशीने बोथट करून घेतल्या, त्याची ही हकिगत.

कुणी म्हणेल, बाहेरून लावा की, सदरा कशाला मध्ये आणता? तर तसं चालत नाही. त्याच 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल अंगावर न्यायचं तर होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, आणि पूर्ण झाकलेलं हवं. म्हणजे एका बाजूला कातडी, दुसऱ्या बाजूला सदरा, मधे हे.

अमेरिकेत हे कडा मारण्याचं काम मुरलेलं आहे. तिथे 1911 नावाच्या .45 पिस्तुलाचं वेड. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, लष्करासाठी केलेलं. रोज कमरेला लावणाऱ्याला त्याचे कोपरे बोचतात, म्हणून तिथले गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचे कारागीर, ते मारून देतात. थोड्या कडा मारल्या तर 'कॅरी बेव्हल', सगळंच गोल केलं तर 'मेल्ट', म्हणजे वितळवलेलं. तिसरा शब्द मला फार आवडला, 'डीहॉर्निंग'. शिंगं काढणं! आमचं मूळ गाव कराडजवळ. बेंदराच्या आधी बैलाची शिंगं साळताना लहानपणी पाहिलंय. साळणारा वरचा खरखरीत थर काढतो, टोक बोथट करतो आणि थांबतो. कुठे थांबायचं ते ज्याला कळत नाही तो रक्त काढतो.

गंमत म्हणजे याच ब्राउनिंगने कोल्ट कंपनीच्या 1903 च्या मॉडेलमध्ये .32 च्या गोळीसाठी खिशात घालायचं पिस्तूल केलं होतं. घोडा, म्हणजे गोळी उडवणारा मागचा हातोडा, आत लपवलेला, अंग मुळातच गुळगुळीत. म्हणजे खिसा फाटतो हे त्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता जिथे कडा मारून घेतल्या त्या बंदुकीच्या दुकानाकडे येतो. फोर्टात, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. नाव लिहू का म्हणून मालकांना विचारलं तर म्हणाले, "लिहायचं ते लिहा, नाव नको. नाव वाचून लोक बघायला येतात, घ्यायला कोण येत नाही." त्यामुळे नाव नाही. ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांना फोर्टातली दुकानं शोधायला अडचण पडणार नाही, ज्यांच्याकडे नाही त्यांना गरज नाही.

काउंटरवर पहिली पाच मिनिटं कामाबद्दल चकार शब्द नाही. मी पिस्तूल काढायच्या आधीच मालक म्हणाले, "भिंतीकडे तोंड करा." मग मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, आधी डोळा आणि मग करंगळी. मी खाली करून आणलं होतं, तसं सांगितलंही. "सगळेच खाली करून आणतात," एवढंच म्हणाले. मग लायसन्स, त्यावरचा नंबर, पिस्तुलावरचा नंबर, दोन्ही मोठ्याने वाचून ताडून पाहिले. रजिस्टरला नोंद, मला पावती. या पाच मिनिटांसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी देतो. हे जिथे होत नाही तिथे पिस्तूल ठेवू नका. आणि हो, शस्त्राची दुरुस्ती करायलासुद्धा शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवाना लागतो. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला असतो, वाचून घ्या.

कानशी माझ्याकडेही आहेत. सराफाच्या घरात भांड्यांपेक्षा कानशी जास्त. मनात येऊन गेलं होतं की रविवारी बसावं आणि उडवावेत कोपरे. पण कायदा आडवा आला, आणि खरं सांगायचं तर हिंमतही झाली नाही. सोनं चुकलं तर वितळवता येतं.

काम करणारे मिस्त्री आतल्या खोलीत बसतात. साठीच्या पुढचे, महाडकडचे कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात. समोर खिडकी, खिडकीखाली वाइस, म्हणजे वस्तू धरायचा शिकंजा, वाइसच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे. मी पिस्तूल दिलं आणि माझी यादी सुरू केली. त्यांनी ऐकून घेतली, मग खणातून मलमलचा एक जुना तुकडा काढला. तो पिस्तुलावरून हलकेच ओढत नेला, पुढून मागे, मागून पुढे, खालून वर. जिथे धागा अडकला तिथे पांढऱ्या पेन्सिलीने टिंब. मी उडालोच. आम्ही अंगठीचे काटे असेच तपासतो, हिरा बसवल्यावर रेशमाचा धागा फिरवून. अडकला की काटा नीट दाबलेला नाही. जग इकडचं तिकडे झालं तरी कारागिराचा हात एकच.

सतरा टिंबं पडली. माझ्या यादीत नऊ होती, त्यातली चार त्यांनी खोडली.

सगळ्यात मोठा चोर निघाला मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, उजवा कोपरा. मग स्लाइडची मागची कड, सेफ्टीच्या खटक्याचं टोक, मॅगझिन जिथून आत जातं त्या तोंडाची कड, आणि ट्रिगर गार्डची, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याची, खालची बाजू, जिथे मधल्या बोटाचं पेर घासतं. शेवटची जागा मला माहीतच नव्हती. रेंजवर पन्नास राउंड झाले की बोट का हुळहुळतं ते त्या दिवशी कळलं.

खोडलेल्या चारांवरून आमची जुंपली. मला पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकाकडचा उंचवटा, तीसुद्धा गोल हवी होती, बाहेर काढताना अडकते म्हणून. मिस्त्री म्हणाले, "शेठ, माशीची पुढची बाजू उतरवतो, मागची नाही. मागची कड धारदार नसेल तर उन्हात चमकेल आणि तुम्हाला माशी दिसायचीच नाही." बरोबर होतं. मला स्लाइडच्या मागच्या बाजूच्या रेघा गुळगुळीत हव्या होत्या. "पावसात ओल्या हाताने ओढून बघा मग. साबण ओढल्यासारखं होईल." तेही बरोबर. घोड्याचं टोक कापून टाका म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच बदलला. चौथं होतं मॅगझिन सोडायचं बटण. ते घासून बसवलं तर आणीबाणीला अंगठ्याला सापडत नाही. आतल्या भागांना, म्हणजे घोडा जिथे अडकतो तो खाचेचा भाग, स्लाइडच्या रुळांच्या कडा, गोळी चढते तो उतार, यांना हात लावणार नाही हे त्यांनी न विचारता सांगितलं. "कड मारायला आलात, कडच मारीन. आत गेलो तर वेगळं काम, वेगळी जोखीम."

इथे एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. पिस्तुलाच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते त्या नंबरावर आणि शिक्क्यांवर जाड चिकटपट्टी लावायचं, दोन थर. कलम 8 प्रमाणे शस्त्रावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. कानस घसरली म्हणून सांगून सुटका नाही. मला हे आमच्या धंद्यामुळे पटकन भिडलं. आमच्या दागिन्यांवर आता सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर, लेझरने उमटवतात. एवढासा असतो, आणि पॉलिशवाला पोरगा बफवर जरा जास्त दाबला की नंबर फिका. मग पुन्हा केंद्रात पळा. मी माझ्या पोरांना वर्षभर कोकलतोय की नंबरावर पट्टी लावा. त्यांच्यातल्या एकाला घेऊन जायला हवं होतं.

काम कसं करतात ते पाहू द्या म्हटलं. तसं कुणाला बसवून घेत नाहीत, पण मी कानशीचे नंबर विचारायला लागलो तेव्हा एक स्टूल पुढे आलं. बारीक कानस, ढकलताना दाब, परत आणताना उचलून. एका कडेला दहा-बारा हात, मोजून. मग कड पंचेचाळीस अंशात सपाट दिसते, आणि एका धारदार कडेच्या जागी दोन बोथट कडा तयार होतात. त्या मारायला पॉलिश पेपरची अर्ध्या इंचाची पट्टी, आणि ती ओढायची कशी, तर चर्चगेटच्या बाहेर बूटपॉलिशवाला बुटाच्या टोकावर चिंधी ओढतो तशी. डावा हात खाली, उजवा वर, परत उलट. 320 चा पेपर, मग 400, मग 600. मधे मधे मलमल. अर्धा तास एकट्या मागच्या साइटला गेला. झाल्यावर त्यांनी ती माझ्या गालावर टेकवली. हो, गालावर. "बोटाला कळत नाही, बोट निबर झालेलं असतं. गालाला विचारा."

आता तक्रारी. काम तीन आठवड्यांत म्हणाले होते, सात आठवडे लागले. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीसाठी पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा होतं. ते परत आल्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दुकानात दिलं, आणि हातात पडलं ते फेब्रुवारीच्या अखेरीस. फोन केला की "मिस्त्री नमाजला गेलेत" किंवा "मिस्त्री गावाला गेलेत". एकदा तर दोन्ही एकाच फोनमध्ये. कार्ड घेत नाहीत. एकूण सात हजार झाले, त्यात कडांचे साडेचार आणि बाकीचे ब्लूइंगचे, म्हणजे पुन्हा निळा-काळा रंग चढवायचे. बिल मागितल्यावर मिळालं, पण मागावं लागलं.

ब्लूइंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक कडांचे पैसे विचारतात आणि हे विसरतात. कड मारली की तिथला निळा-काळा थर जातो आणि खाली पांढरं लोखंड उघडं पडतं. मुंबईत उघडं लोखंड म्हणजे रात्रीत तांबेरा. तेव्हा कडा मारायच्या तर पुन्हा रंग चढवणं आलंच. रंग कसला, तो गंजच असतो, पण शिस्तीतला. बाटलीतलं औषध कापसाने लावून होतो तो थंड प्रकार स्वस्त, पण घामापुढे महिनाभरसुद्धा टिकत नाही. खरा प्रकार गरम. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या पाण्यात, साधारण 140 अंशांवर, सगळे सुटे भाग बुडवून. हे काम दुकानात होत नाही, बाहेर पाठवतात, आणि सातातले चार आठवडे तिथेच गेले असणार. पिस्तुलाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल तर हा प्रकार अजिबात नको, कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं. माझं सगळं पोलादी, म्हणून जमलं. आधी विचारून घ्या, दुकानदाराने सांगायची वाट पाहू नका.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार. पिस्तूल आलं, स्लाइड सुरेख, गर्द निळसर काळी. सांगाडा तसाच. सेफ्टीचा खटका मात्र जांभळा! पिकलेल्या जांभळासारखा नाही, जांभळाचा डाग धुतल्यावर सदऱ्यावर उरतो तसा तांबूस. उजेडात धरलं की डोळ्यात भरतो. मिस्त्री म्हणाले, काही भागांचं पोलाद वेगळं असतं, कडक केलेलं असतं, ते या उकळीत असा रंग धरतं. कारण खरं आहे, असं होतं हे मलाही नंतर दोघांनी सांगितलं. पण आधी सांगायला काय जात होतं? सोन्यात मी गिऱ्हाइकाला टाक्याचा रंग वेगळा दिसेल हे आधी सांगतो, नंतर सांगितलं तर ती सबब होते. पुन्हा बुडवून देऊ म्हणाले, मी नको म्हटलं. अजून सात आठवडे कोण थांबणार.

घरी आल्यावर मी काय केलं ते सांगतो, हसू नका. देण्याआधी मी पिस्तूल रिकामं करून, तेल पुसून, दुकानातल्या काट्यावर तोललं होतं. आल्यावर पुन्हा पुसून तोललं. दीड ग्रॅमचा फरक. सतरा जागा, सात आठवडे, साडेचार हजार रुपये मजुरी, आणि गेलं काय तर दीड ग्रॅम. हातात घेतलं तर काय बदललं ते डोळ्याला सांगता येत नाही. माझ्या मेहुण्याला दाखवलं, तो म्हणाला, "काय केलंय यात? फसवलं तुम्हाला." मी म्हटलं, डोळे मिट आणि हात फिरव. फिरवला. मग गप्प बसला.

होल्स्टरचं विसरत होतो. पिस्तूल सदऱ्याला चावत होतं तसं होल्स्टरच्या शिवणीलाही चावत होतं. धारावीत शिवून घेतलेलं चामड्याचं होल्स्टर, त्याच्या तोंडाशी धागा कुरतडलेला. आता नवा धागा घालून घेतलाय आणि टिकलाय. पण रात्री पिस्तूल चामड्यात ठेवू नका. चामडं ओल धरून बसतं, आणि आपल्या हवेत जून ते सप्टेंबर तर बघायलाच नको. मी तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळतो आणि कपाटात कुलपात ठेवतो. गेला पावसाळा असा काढला. कडांवर एक ठिपका नाही. खटका जांभळाच आहे.

वरळीच्या रेंजवर जाऊन पन्नास राउंड टाकले, लायसन्सवरच्या कोट्यातले. गोळी जिथे जायची तिथेच जाते. ते जाणारच होतं, नळीला कुणी हात लावला नव्हता. मधलं बोट मात्र शाबूत. माशी उन्हात स्वच्छ काळी दिसली, त्या चार खोडलेल्या जागांपैकी पहिलीबद्दल मी तिथेच मनातल्या मनात कान पकडले.

कुणी करावं? ज्याचं पिस्तूल कपाटात असतं आणि दसऱ्याला पूजेपुरतं बाहेर येतं, त्याने पैसे वाचवावेत. ज्याच्याकडे आजोबांच्या काळातलं विलायती पिस्तूल आहे त्याने तर कानशीच्या आसपासही नेऊ नये. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून त्या वस्तूंची किंमत काय झालीय ते विचारूच नका, आणि मूळ रंग गेला की अर्धी किंमत गेली. मिस्त्रींनी माझ्यासमोर एका गृहस्थाला परत पाठवलं. जुनं जर्मन पिस्तूल चकचकीत करून हवं होतं. "घरी न्या, तेल लावा, झोपवा," म्हणाले. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा कारागीर मी सराफ्यातही मोजकाच पाहिलाय. रोज कमरेला लावणाऱ्याने मात्र जरूर करावं, आणि सात आठवड्यांची सोय आधी करून.

पिस्तूल परत घेताना मी सवयीने एक चूक केली. आमच्याकडे गिऱ्हाईक दागिना दुरुस्तीला देतं तेव्हा कानसलेली भुकटी कुणाची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं आहेत. मी पावतीवर सही करता करता बोलून गेलो, "आणि माझी कानस?" आमच्यात भुकटीलाही कानसच म्हणतात. मालक चक्रावले, त्यांना वाटलं मी अवजार विसरलोय. मिस्त्री आतून हसत आले. खिडकीखालच्या कागदावर झाडून ठेवलेली काळी भुकटी होती, माझीच की आणखी दहा जणांची देव जाणे. त्यातली चिमूटभर उचलून त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधली आणि माझ्या हातावर ठेवली. "घ्या शेठ. वितळवून बघा काय निघतं."

पुडी गल्ल्यात आहे. आमची ही सदऱ्यांचा हिशोब विचारते तेव्हा दाखवतो. फेब्रुवारीपासून एकही फाटलेला नाही, एक सोडून, आणि तो दुकानाच्या शटरला अडकला होता.